सुगंधी तेले आणि जिवाणूंचा संवाद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून येणारे पाणी अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आल्यामुळे ते घरोघरी ड्रम आणि टाक्यांत साठवले जाते. या भांड्यांच्या आतून हाताला लागणारा बुळबुळीत थर बहुधा जैवपटल, म्हणजे जिवाणूंनी स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात वसवलेली वस्ती असते. दातांवरचे कीटण आणि रुग्णाला लावलेल्या मूत्रनळीत बसणारा थर हीही तिचीच रूपे होत. लवंग, दालचिनी यांच्या तेलांनी ही वस्ती रोखता येते, असे संशोधनातून पुढे आल्यापासून काही गैरसमजही रूढ झाले आहेत.

गैरसमज : जिवाणू एकएकटे जगतात.
वस्तुस्थिती : जिवाणू संकेतरेणू, म्हणजे निरोपाचे काम करणारी लहान रसायने, बाहेर सोडतात आणि ती पुरेशी साचली की सर्व जण मिळून वर्तन बदलतात. प्रकाशमान सागरी जिवाणूंत हे नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी 1970 साली दाखवले, तर या यंत्रणेला ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव 1994 साली मिळाले. अनेक जातींत विषे निर्माण करणे आणि जैवपटल बांधणे या क्रिया तिच्यावर अवलंबून असतात.

गैरसमज : तेलाने संवाद तुटला, म्हणजे जिवाणू मेले.
वस्तुस्थिती : संवादरोध आणि जिवाणूनाश या भिन्न गोष्टी आहेत. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा जिवाणू संवाद चालू असतानाच जांभळे रंगद्रव्य बनवतो. म्हणून तेल लावल्यावर वाढ कायम राहून रंग नाहीसा झाला, तर संवाद तुटला असे मानतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील संशोधकांनी 2009 साली 21 तेले अशा रीतीने तपासली, तेव्हा लवंग, दालचिनी, लव्हेंडर आणि पेपरमिंट या चारच तेलांत हा गुण आढळला.

गैरसमज : तेलाचा गुण त्यातील मुख्य घटकाचाच असतो.
वस्तुस्थिती : लवंग तेलात युजेनॉल सर्वाधिक असूनही त्याच अभ्यासात एकट्या युजेनॉलने संवाद रोखला नाही; नंतरच्या काही प्रयोगांत मात्र त्याचा परिणाम दिसला. शेजारच्या खानदेशात पूर्वीपासून भट्टी लावून काढल्या जाणाऱ्या रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल प्रमुख असते, परंतु वाण, हंगाम आणि ऊर्ध्वपातनाची रीत यांनुसार अशा तेलांची घडण बदलत असल्यामुळे एका नमुन्याचा निष्कर्ष दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही.

गैरसमज : तेल नैसर्गिक असल्यामुळे ते पाण्यात टाकणे किंवा औषधाऐवजी घेणे निर्धोक आहे.
वस्तुस्थिती : ही तेले पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि लवंग तेल पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पक्व जैवपटलातील जिवाणू सुट्या जिवाणूंच्या तुलनेत प्रतिजैविकांना शेकडो पटींपर्यंत कमी दाद देऊ शकतात, हे खरे. म्हणूनच संवाद तोडणाऱ्या द्रव्यांचा शोध मोलाचा आहे, परंतु बहुतेक पुरावा अजून प्रयोगशाळेतील आहे.

पुरेसा पुरावा मिळेपर्यंत पाण्याचे भांडे आधी ब्रशने घासून थर काढावा, मगच योग्य प्रमाणात क्लोरिन वापरावे, कारण थराच्या आत क्लोरिन नीट पोचत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक तेलाच्या भरवशावर कधीही बंद करू नये.