जुन्नरचे यवन दाते

परदेशी माल घेतांना नमुना पारखतां येतो. परक्या विक्रेत्याचा भरंवसा कसा पारखावा? श्रोतेहो, जुन्नरच्या पेठेला हा प्रश्न फार जुना असावा. इटलीचें मद्य, तांबें, पोंवळें हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरे, असें पहिल्या शतकांतली एक ग्रीक मार्गदर्शिका सांगते. कल्याण बंदराहून नाणेघाट चढला कीं जुन्नर. तेथील बौद्ध लेण्यांत तीन यवनांचे दानलेख आहेत. इरिलानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं, चिटानें संघाला भोजनमंडप, चंदानें लेण्याचा दर्शनी भाग. ते व्यापारीच होते, असें लेख म्हणत नाहींत. मला मात्र तसें वाटतें. लेख ग्रीकांत नव्हे, येथल्याच प्राकृतांत, ब्राह्मी लिपींत कोरले आहेत. गिऱ्हाइकाची भाषा आणि देण्याची रीत त्यांनीं उचलली; नांवामागचें ‘यवन’ हें पद मात्र तसेंच राहूं दिलें.