कारंजा, पण कोणते?

वर्तमानपत्रात बातमी छापताना कंस वापरता येतो. दूरचित्रवाणीवर बातमी वाचताना कंसाला आवाज नसतो. अवकाळी पाऊस झाला, गारपिटीने संत्र्याच्या बागा झोडपल्या, आणि निवेदक ‘कारंजा तालुक्यात फळबागांचे मोठे नुकसान’ एवढे सांगून पुढच्या बातमीकडे वळला, तर ऐकणाऱ्याने काय समजावयाचे? नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ख्यातकीर्त असलेले वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड), की नागपूर-अमरावती महामार्गावरचे, वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे)? दोन्ही विदर्भातली, दोन्ही तालुक्याची ठिकाणे. त्यात उरणजवळचे करंजा बंदर आहेच. मुंबईकराच्या कानाला ते अधिक सवयीचे. पुण्यात नोकरी करणारा मुलगा घाबरून घरी दूरध्वनी करतो आणि वडील सांगतात की आपल्याकडे थेंबही पडला नाही. कंसातला तो एक शब्द उच्चारावयाचा की गाळावयाचा, हे ठरविणारा माणूस कित्येक शे किलोमीटर दूर, दिव्यांच्या झोतात बसलेला असतो. त्याच्या पेशाचा विचार आपल्याकडे फारसा कोणी केलेला नाही. केला तो त्याच्या पोशाखाचा आणि प्रसिद्धीचा.

मराठी वृत्तनिवेदकाची परंपरा दूरचित्रवाणीपेक्षा जुनी आहे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे यांच्या आवाजात बातम्या ऐकत ज्यांची शाळेची तयारी झाली, अशी एक पिढी आजही आपल्यात आहे. त्या निवेदकांना चेहरा नव्हता आणि तो असावा असे कोणाला वाटलेही नाही. गंमत अशी की, ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने दूरचित्रवाणी आल्यानंतरही कित्येक वर्षे निवेदकाचा चेहरा पडद्यावर येऊ दिला नव्हता. चेहऱ्यावरच्या रेषांनी बातमीच्या निःपक्षपातीपणास बाध येईल, ही त्या संस्थेची भीती. १९५५ मध्ये तिने ती सोडली. आज आपल्या वाहिन्यांवरील भुवयांचा आणि हातवाऱ्यांचा खेळ पाहिला म्हणजे त्या भीतीला हसावे की नाही, असा प्रश्न पडतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मराठी बातमीला चेहरा मिळाला. विश्वास मेहेंदळे हे तेथील पहिले वृत्तनिवेदक म्हणून ओळखले गेले. भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे ही नावे मागोमाग येतात. कृष्णधवल पडदा, हातात कागद, तो पाहावयाचा आणि मान वर करून प्रेक्षकांकडे पाहावयाचे. वाक्य वाचण्यापूर्वीच डोक्यात बसलेले असले पाहिजे, नाहीतर मान वर करताच ते निसटावयाचे. आज काचेवर अक्षरे सरकतात आणि निवेदक आपल्याकडे पाहत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो वाचत असतो. पूर्वीचा निवेदक वाचत असल्याचे लपवीत नव्हता. त्यातला प्रामाणिकपणा आम्हांस अधिक भावतो, हे कबूल करावयास हवे.

स्मिता पाटील घाईच्या वेळी जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसत, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. श्याम बेनेगल यांच्या दृष्टीस त्या पडल्या त्या या छोट्या पडद्यामुळेच. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले. पुढचा इतिहास सांगावयास नको. भक्ती बर्वे यांनी रंगभूमी गाजविली. अनंत भावे प्राध्यापक आणि मुलांचे लेखक. प्रदीप भिडे यांनी औषधनिर्मिती क्षेत्रातील कंपन्यांत जनसंपर्काचे काम केले आणि त्याच वेळी चार दशके महाराष्ट्राला बातम्या सांगितल्या. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेही नव्हते त्यांनासुद्धा घरातला एक आवाज थांबल्यासारखे वाटले. मेहेंदळे पुढच्याच वर्षी, २०२३ च्या जानेवारीत गेले.

या नामावळीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बातम्या वाचणे हा यांतील बहुतेकांचा चरितार्थ नव्हता. निवेदक प्रायः नैमित्तिक करारावर येत आणि वाचनागणिक मानधन घेत. पोट अन्यत्र भरत होते. व्यवस्थेच्या दृष्टीने हा कंजूषपणाच होता. पण त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. ज्याची चूल बातमीवर पेटत नाही, त्याला बातमीत मीठमसाला घालण्याचे कारण उरत नाही. दूरदर्शनची बातमी सरकारी होती, सत्ताधाऱ्यांना अडचणीच्या गोष्टी तीत दबक्या आवाजात येत किंवा येतच नसत, हा आक्षेप खराच आहे. परंतु तो दोष बातमी ठरविणाऱ्यांचा. वाचणाऱ्याच्या उच्चारावर आणि संयमावर लोकांनी विश्वास ठेवला, तो वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

तथापि या वैभवात विदर्भाचा वाटा किती होता? १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपणामुळे पुण्याला मुंबईचे चित्र दिसू लागले. कारंजा (घाडगे) सारख्या गावांपर्यंत चित्र पोचावयास ऐंशीचे दशक उजाडावे लागले. लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले तेव्हा. म्हणजे मराठी वृत्तनिवेदनाचे जे सुवर्णयुग म्हणून सांगितले जाते, त्याचा आरंभ आमच्या भागाने पाहिलाच नाही. पुढे २००० साली ई टीव्ही मराठी आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या बातम्या प्रथमच नियमाने दिसू लागल्या. त्या वाचल्या जात हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून! वर्ध्याची बातमी तेलंगणाची वाट धरून वर्ध्याला परत येत होती. २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. चोवीस तासांत गावोगावच्या बातम्यांना जागा मिळेल असे वाटले होते. झाले असे की, एकच बातमी चोवीस वेळा येऊ लागली.

उच्चाराचा प्रश्न येथे टाळता येत नाही. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. असे बोलणाऱ्या मुलामुलीला निवेदक व्हावयाचे असेल तर प्रथम आपली जीभ धुऊन काढावी लागते. भक्ती बर्वे यांची अजरामर भूमिका ‘ती फुलराणी’तील, आणि त्या नाटकाचा विषय नेमका हाच आहे : शुद्ध बोलावयास शिकविलेली फुलवाली. बातम्या वाचणाऱ्या अभिनेत्रीकडे ही भूमिका यावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. प्रमाणभाषा असू नये, असे आमचे म्हणणे नाही. बातमी सर्वांना कळली पाहिजे आणि त्यासाठी एक समान भाषा हवी. पण शुद्धतेची कसोटी ‘ळ’ला लावावयाची आणि ‘घाडगे’ मात्र गाळून टाकावयाचे, हा कोणता न्याय? गावाचे नाव अर्धवट घेणे हादेखील अशुद्ध उच्चारच होय. ‘आंबिया बहार’ आणि ‘मृग बहार’ यांतील फरक ज्याला ठाऊक नाही, त्याने संत्र्याच्या फळगळीची बातमी कितीही स्वच्छ उच्चारांत वाचली तरी बागायतदाराला ती परक्याचीच वाटणार.

मग स्थानिक निवेदक कोठे आहे? तो आहे, पण त्याची दशा पाहण्यासारखी आहे. नव्वदीच्या दशकात शहरांतून केबलचालकांनी स्वतःची वार्तापत्रे सुरू केली. १९९५ च्या केबल कायद्याने त्या व्यवसायाला चौकट आली. आता केबलचीही गरज उरलेली नाही. तालुक्याच्या गावी एक तरुण हातात भ्रमणध्वनी आणि नाव छापलेला ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहतो, यूट्यूबवर वाहिनी काढतो आणि तोच वार्ताहर, तोच छायाचित्रकार, तोच संपादक, तोच निवेदक होतो. महामार्गावरच्या अपघातस्थळी पहिला पोचतो तो. बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या शेतात वाघाने गाय मारली, तर पंचनाम्याआधी चित्र येते ते त्याचे. तो वऱ्हाडीत बोलतो आणि ‘घाडगे’ म्हणावयास विसरत नाही, कारण तो तेथलाच आहे. यांपैकी काही जण खरोखर चांगले काम करतात.

पण त्याला पगार कोण देते? कोणीच नाही. मोठ्या वाहिनीने चित्रफीत घेतली तर बातमीगणिक काही रक्कम, तीही मिळाली तर. उरलेला प्रपंच जाहिरातींवर. आणि तालुक्याच्या गावातील जाहिरात म्हणजे काय? पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कृषिसेवा केंद्र, दवाखान्याचे उद्‌घाटन. सकाळी ज्याच्याकडे शुभेच्छांची जाहिरात मागावयास जावयाचे, सायंकाळी त्याच्याच निकृष्ट रस्त्याची बातमी वाचावयाची! भिडे आणि भावे यांना जे स्वातंत्र्य दुसऱ्या नोकरीने दिले, ते या तरुणाला उपलब्ध नाही. जाहिरात आणि बातमी एकाच तोंडून, एकाच सुरात बाहेर पडतात, आणि ऐकणाऱ्याला त्यांतली सीमारेषा दिसेनाशी होते. त्याला भ्रष्ट म्हणणे सोपे आहे. जो त्याच्या बातम्या रोज फुकट पाहतो, त्या प्रेक्षकानेही या व्यवहारात आपला हिस्सा किती हे तपासावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. अमेरिकेत कॅन्सस सिटी या शहरातील स्थानिक वाहिनीने १९८१ मध्ये ख्रिस्तीन क्राफ्ट या निवेदिकेला तिच्या आसनावरून दूर केले. तिचे म्हणणे असे की, वय, रूप आणि पुरुषांपुढे न नमणे ही कारणे आपणांस सांगण्यात आली. तिने दावा लावला. १९८३ मध्ये ज्यूरीने पाच लाख डॉलरची भरपाई देऊ केली. वरिष्ठ न्यायालयात १९८५ मध्ये ती हरली. पुढे ती स्वतःच वकील झाली. आपल्याकडे असा दावा झाल्याचे ऐकिवात नाही. पण पडद्यावर पिकल्या केसांचे पुरुष निवेदक किती आणि तशा स्त्रिया किती, हे वाचकांनी एका सायंकाळी स्वतःच मोजून पाहावे. फार वेळ लागणार नाही.

वर्ध्याला १९९७ पासून हिंदी विश्वविद्यालय आहे, तेथे जनसंचाराचे शिक्षण मिळते. नागपूर विद्यापीठातही ते आहे. तरुणांची वाण नाही. वाण आहे ती नेमणुकीची. दूरदर्शन आणि आकाशवाणी यांची केंद्रे नागपुरात आहेत. प्रत्येक जिल्ह्यासाठी दिवसातून एक दहा मिनिटांचे वार्तापत्र, त्या जिल्ह्यातलाच निवेदक, आणि त्याला जाहिरातदाराच्या दारी जावे लागणार नाही इतके नियमित वेतन, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. सरकारी पैशाबरोबर सरकारी दडपणही येईल, हा धोका आम्ही जाणतो. तरीही वाढदिवसाच्या जाहिरातीच्या दडपणापेक्षा ते अधिक उघड असते, आणि उघड दडपणाविरुद्ध निदान लिहिता येते.

परंतु शासनाने वाट वेगळी धरलेली दिसते. २६ मे २०२४ रोजी डीडी किसान या शेतकऱ्यांच्या वाहिनीवर ‘एआय कृष’ आणि ‘एआय भूमी’ असे दोन कृत्रिम निवेदक आले. ते न थकता, न थांबता, पन्नास भाषांत बोलू शकतात असे जाहीर झाले. हवामान सांगतील, बाजारभाव सांगतील, शासकीय योजना सांगतील. त्यांना मानधन नको, वय नाही, केस पिकत नाहीत, आणि ‘ळ’ बिनचूक येईल याबद्दल आम्हांस शंका नाही. मात्र मजकूर लिहिणाऱ्याने कंस गाळला तर ‘भूमी’ थांबून विचारणार नाही की, अहो, हे कारंजा कोणते? वर्ध्यातले की वाशीमचे? आणि चूक झालीच, तर कारंजा (घाडगे) येथील संत्राबागायतदाराने दूरध्वनी करून कोणाला बोलवावयाचे?