शेजारचा शब्द अर्थ सांगतो

जेवणास बसलेला मनुष्य ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणावे. तोच प्रवासास निघताना म्हणाला तर घोडा आणावा. संस्कृत पंडितांनी दिलेले हे जुने उदाहरण आहे. शब्द एकच, अर्थ ठरवितो तो प्रसंग. बँकेत उमेदीची वर्षे घालविल्यावर मला वाटते की, इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

आमचा यावल तालुका केळीचा. विहीर, ठिबक, ट्रॅक्टर यांसाठी शेतकरी कर्ज घेतात आणि भाऊबंद, शेजारी विश्वासाने जामीन राहतात. नोकरीत असताना एक वयोवृद्ध जामीनदार माझ्यासमोर येऊन बसले. कर्जदाराने ट्रॅक्टरचे हप्ते थकविले होते. ते म्हणाले, “साहेब, आम्ही जामीनदार तिघे. माझा तिसरा हिस्सा घ्या आणि मला मोकळे करा.” जामीनपत्रावर ‘जॉइंट अँड सेव्हरल लायबिलिटी’ असे शब्द होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने त्यांना ‘सेव्हरल म्हणजे अनेक’ असे सांगितले होते. जबाबदारी अनेकांची, म्हणजे ती वाटून घ्यायची, असा अर्थ त्यांनी लावला.

नातवाने सांगितलेला अर्थ खोटा नव्हता, पण तो या वाक्यातला नव्हता. ‘सेव्हरल’पुढे ‘बुक्स’ असते तर ‘अनेक पुस्तके’ हे योग्यच. येथे पुढे ‘लायबिलिटी’ हा एकवचनी शब्द आहे, म्हणून ‘अनेक’ हा अर्थ बसत नाही. मागे ‘जॉइंट’, म्हणजे संयुक्त, हा शब्द आहे आणि मध्ये ‘अँड’ आहे. म्हणजे दुसरा शब्द पहिल्याहून वेगळे काही सांगतो. ते वेगळे असे : प्रत्येकाची स्वतंत्र. संपूर्ण थकबाकी बँक कोणाही एकाकडून मागू शकते; भरणाऱ्याने नंतर इतर जामीनदारांकडून त्यांचा वाटा वसूल करावा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचीही भूमिका हीच आहे.

हे ऐकून ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. सही त्यांची होती. परंतु सहीपूर्वी अर्थ सांगण्याचे काम आम्हा बँकवाल्यांचे होते, ही बोच मला आजही आहे. त्यानंतर ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ याचा अर्थ मराठीत उलगडून सांगितल्याखेरीज मी जामीनदाराची सही घेतली नाही.

असे शब्द पुष्कळ आहेत. ‘प्रिन्सिपल’ महाविद्यालयात प्राचार्य, हप्त्यांच्या तक्त्यात ‘इंटरेस्ट’शेजारी मुद्दल, तर जामीनपत्रात ‘डेटर’च्या आधी आला की मूळ कर्जदार. कर्ज ‘सँक्शन’ झाले की घरात पेढे वाटले जातात. वर्तमानपत्रात एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादल्या की ते निर्बंध असतात.

म्हणून अनोळखी शब्द आला तर प्रथम त्याच्या मागचा-पुढचा शब्द पाहावा. मग विषय कोणता, हे पाहावे. सुचलेला अर्थ वाक्यात घालून ते वाक्य सरळ लागते का, हे तपासावे. शेवटी शब्दकोश उघडून खात्री करावी. गोष्ट वाचताना तर्क चुकला तर बिघडत नाही. मात्र जिथे सही करायची आहे, तिथे केवळ तर्कावर थांबू नये. समोरच्या अधिकाऱ्याला विचारावे, “साहेब, याचा अर्थ मराठीत सांगा.” असे विचारण्यात कमीपणा नाही.