ज्वारीचं माहेर

आमच्या संग्रामपूरच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज २०१७ साली बंद झाला. मायचे हात कापायला लागले होते. एक दिवस भाकरी तव्याऐवजी चुलीतच पडली. माय काही बोलली नाही. परातीतलं कोरडं पीठ तिनं डब्यात परत भरलं, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसली. कपाशी वेचायच्या दिवसांत वीस-वीस माणसांच्या भाकरी जिनं एकटीनं थापल्या, ती त्यानंतर ताटात येईल ते निमूट खायची. चांगलं म्हणायची नाही, वाईटही म्हणायची नाही. मला त्या न म्हणण्याचीच धास्ती वाटायची.

मी जन्मभर बँकेत. २०१९ साली निवृत्त झाले तेव्हा मनात एक कादंबरी घोळत होती. तिचा नायक शाळामास्तर. बादशहा हाइले सेलासीच्या राजवटीत इथियोपियातल्या शाळांमधून आपल्याकडचे शिक्षक मोठ्या संख्येनं होते, त्यांच्यातलाच एक. तो देश न पाहता लिहायचं कसं? तिकिटं काढली आणि बरोबर येणाऱ्या मैत्रिणीच्या गुडघ्यानं ऐनवेळी दगा दिला. घरचे म्हणाले, ‘राहू दे, पुढच्या वर्षी जा.’ पण साठीच्या बाईला पुढचं वर्ष कोण लिहून देतं? नोव्हेंबरात मी एकटीच निघाले. शेगावहून मुंबई गाठायला रेल्वेला जितके तास लागले, त्याहून कमी वेळात मुंबईहून अदिस अबाबाला उतरले.

तिथं कालगणनाच निराळी. आपलं २०१९, त्यांचं २०१२. वर्षाचे महिने तेरा. दिवस सूर्योदयापासून मोजायचा, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. हॉटेलातल्या पोरीनं ‘दोन वाजता गाडी येईल’ म्हणून सांगितलं आणि मी दुपारपर्यंत निवांत राहिले. गाडी आठालाच येऊन गेली होती! मग हाती आलेला रिकामा दिवस पायी भटकण्यात घालवला.

वार बुधवार होता. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध काही घेत नाहीत. माझ्यासारख्या माळकऱ्याच्या लेकीची त्यामुळे सोयच झाली. एका खाणावळीत बसले, तर समोर परातीएवढ्या ताटात एक भलंमोठं मऊ धिरडं आलं. त्यावर डाळी, भाज्या आणि मधोमध लालसर, खदखदणारं... पिठलं! त्याला ते शिरो म्हणतात. हरभऱ्यासारख्या कडधान्याचं मसालेदार पीठ कांद्या-तेलावर शिजवायचं. खालचं धिरडं म्हणजे इंजेरा. तो टेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा करतात. पातळ पीठ मोठ्या मातीच्या तव्यावर कडेपासून मध्यापर्यंत गोल ओतत आणायचं, वर झाकण ठेवायचं. उलटायचं नाही. वर जी जाळी पडते तिला ते डोळे म्हणतात.

एवढ्या ताटापुढे मी एकटी. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब एकाच ताटात जेवत होतं. त्यातल्या माझ्याच वयाच्या बाईनं मला खुणेनं बोलावलं, जागा करून दिली. इंजेऱ्याचा तुकडा तोडला, शिरोत बुडवला आणि थेट माझ्या तोंडाशी आणला. मी गडबडले. लग्नात घास भरवला होता तेवढाच, त्यानंतर कुणी भरवलेलं आठवेना. त्याला गुर्शा म्हणतात हे नंतर कळलं. तो नाकारणं बरं दिसत नाही. मी तोंड उघडलं. एकटी आले खरी, पण एकटी जेवले नाही.

निघताना कळलं की उष्ण, कमी पावसाच्या भागात इंजेरा ज्वारीचाही करतात. ज्वारीचं मूळ आफ्रिकेतलंच. इथियोपियाला लागून असलेल्या पूर्व सुदानात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर लागवडीच्या ज्वारीचे ठसे सापडले आहेत. आपण जिला अस्सल वऱ्हाडी समजतो, तिचं माहेर तिकडचं! आणि सासरी काय झालं? लहानपणी आमच्या शिवारात माणूस दिसणार नाही इतकी ज्वारी उभी असायची. आता कपाशी, तूर, सोयाबीन. हुरड्यालासुद्धा शेत शोधावं लागतं.

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा मी मायजवळ होते. टेफ कुठून आणणार? दोन वाट्या ज्वारीचं पीठ पाण्यात सैलसर कालवून झाकून ठेवलं. तिकडच्या थंड हवेत दोन-तीन दिवस लागतात, आपल्या एप्रिलात एक रात्र पुरली. तव्यावर ओतलं तर चिरा पडून त्याचे तुकडे निघाले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी ओसरीवरून आवाज आला, ‘‘ज्वारीले उकड पाह्यजे वो. थंड्या पान्यात चिकटपना कुठून येईन?’’

मी थबकले. बरोबरच होतं. तिथल्या बायकाही आंबलेल्या पिठातलं थोडं काढून उकळत्या पाण्यात शिजवतात आणि परत मिसळतात. मला दाखवलंही होतं, मीच विसरले होते. तिकडे कधी न गेलेल्या मायला ते भाकरीच्या उकडीवरून उमगलं होतं.

माय उठून आत आली. पिठावर आलेलं आंबट पाणी तिनं ओतून टाकायला लावलं. पाव भाग पीठ वाटीभर उकळत्या पाण्यात घालून घट्ट होईस्तोवर घोटवलं, कोमट झाल्यावर मिसळलं, मीठ घातलं. तास-दीड तासानं बुडबुडे आल्यावर तवा तापवला आणि डाव स्वतःच्या हातात घेतला. थापायचं नव्हतं, ओतायचं होतं. हात कापत होता, धार वाकडीतिकडी पडली, काठ नकाशासारखे झाले. पण झाकण काढलं तर वर भरपूर डोळे.

पिठलं मी केलं होतं. ताट काढायला वळले, तोवर तिनं तव्यावरचाच एक तुकडा तोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला.

‘‘मीठ पाह्य.’’

गुर्शाची गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती.

कादंबरी अजून अर्धवट आहे. माय आता नव्वदीकडे झुकली आहे आणि या प्रकाराला ‘तुह्यं आंबट धिरडं’ म्हणते. कधी मीठ जास्त झालं, कधी पीठ कमी आंबलं, असं दर खेपेला काही ना काही बोलतेच. काल रात्री तिनं आठवणीनं पीठ भिजवायला लावलं. आज रविवार आहे.