मिशीवाला पाहुणा

शाळेतल्या किंवा घरातल्या काचेच्या मत्स्यपेटीत एखादा मिशीवाला मासा असावा, असे पुष्कळांना वाटते. आपल्या ओढ्यातला शिंगाळा मिशीवाला खरा. पण वाढला की तो लहान माशांना गिळतो. त्यापेक्षा दक्षिण अमेरिकेतला कोरिडोरस बरा. सहा-सात सेंटिमीटरांचा हा मासा मिशांनी वाळू चाचपत हिंडतो आणि बुबुळ खाली फिरवून चक्क डोळा मिचकावतो!

घेताना मिशा अखंड आहेत ना, पोट खपाटीला गेलेले नाही ना, हे पाहावे. एकाच जातीचे सहा घ्यावेत. एकटा राहिला की तो बुजतो. तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू घालावी. धारदार खडीने मिशा दुखावतात.

मधूनच तो झपकन वर येऊन हवा गिळतो. घाबरू नका, त्या हवेतला प्राणवायू तो आतड्यातून शोषतो. सगळेच वारंवार वर येऊ लागले, तर मात्र पाणी बिघडले असे समजावे.

'हा तळाची घाण खातो, याला वेगळे खाणे कशाला?' हा समज घातकी आहे. वरचे मासे सगळा दाणा फस्त करतात आणि हा बिचारा उपाशी मरतो. म्हणून दिवे मालवताना तळाशी बुडणारा दाणा त्याच्यासाठी आठवणीने टाकावा.