शर्यतीच्या गाडीचा उलटा पंख

मंडळी, जीपच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा तिरका धरला की वारा हात उचलतो, हे लोणखेड्यात कुणाला सांगायला नको. तळव्याची पुढची कड खाली केली, की तोच वारा हात खाली दाबतो. शर्यतीच्या गाडीचा पंख तो हाच. विमानाचा पंख उलटा करून बसवलेला. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. टायर रस्ता घट्ट धरतात आणि वळणावर वेग फार कमी करावा लागत नाही.

१९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर पंख आले आणि बघता बघता ड्रायव्हरच्या डोक्याच्याही वर गेले. तिथे हवा मोकळी मिळते ना! लोटसने तर पंखाचे बारीक खांब गाडीच्या अंगावर न टेकवता थेट चाकांच्या जोडणीवर उभे केले. म्हणजे दाब स्प्रिंगमध्ये न मुरता सरळ टायरवर. डोकं उत्तमच चालवलं होतं. पण चाक उसळलं की तो हादराही सरळ खांबालाच बसणार, नाही का?

४ मे १९६९, बार्सिलोनाचा मोंटजुईक रस्ता. उंचवट्यापाशी ग्रॅहम हिलच्या लोटसचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनी तिथेच त्याचा जोडीदार योखेन रिंट याचाही मोडला. पंख तुटला की दाब क्षणात जातो, वेग मात्र तसाच राहतो. हिल बचावला, रिंट जखमी झाला. त्याने पंखांविरुद्ध जाहीर पत्रच लिहिलं. दोन आठवड्यांत, मोनाकोचा सराव चालू असतानाच, उंच पंखांवर बंदी आली.

पुढे पंख परत आले, पण बुटके, गाडीच्या अंगाला पक्के बसवलेले आणि न हलणारे. तरी पळवाटा शोधणं थांबलं नाही. १९९७ मध्ये टिरेलने बाजूंना उंच खांबांवर दोन छोटे पंख लावले. १९९८ मध्ये ते बंद झाले. आमच्या मते दिसायलाही ते वाईटच होते.

मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये जिंकला, तिथे सगळ्यांची गाडी एकाच बनावटीची, त्यामुळे अशी कारागिरी चालतच नाही. आपल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना ती करायला मिळते ती फॉर्म्युला भारतमध्ये. तिथे पंख स्वतः बनवायचा. पण तो किती उंच, किती रुंद आणि हाताने ढकलल्यावर किती वाकतो, हे आधी तपासून घ्यावं लागतं.