भूतकथा, कोकणातील

भूतकथा, कोकणातील : अतृप्त मृतात्म्यांचे जिवंत माणसांशी येणारे संबंध वर्णिणाऱ्या मौखिक कथा व त्यांवर पोसलेल्या साहित्यिक कथा. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके या कथांना पोषक होत. खाड्या, मिठागरे, खारबंदिस्तीचे बांध आणि मागे जंगलाचे डोंगर अशा प्रदेशात रात्री वाट चुकविणारा चकवा व बुडून मेलेल्याचा गिऱ्हा यांना सहज जागा मिळते.

लोकसमजुतीनुसार बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते. मुंजीनंतर, पण विवाहापूर्वी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. पुरलेल्या धनाचा लोभ न सुटलेला संबंध बनतो. भूतयोनीस कारण होतो तो बहुधा अपुरा राहिलेला संसार; दुष्टपणा क्वचितच. म्हणूनच या कथांत भय व करुणा वेगळी काढता येत नाहीत. हडळीची कथा याचे उत्तम उदाहरण होय. उलटी पावले, मोकळे केस असे तिचे रूप भयानक. परंतु मागे राहिलेल्या तान्ह्यासाठी मृत आईने परतणे हे कथाबीज जगभर आढळते. तिने परतू नये म्हणून काही ठिकाणी प्रेतामागे राळ्याचे वा मोहरीचे दाणे टाकीत. ते सर्व वेचल्याशिवाय तिला घर गाठता येत नाही, अशी समजूत होती. ज्या घराने तिच्यासाठी शोक करावयाचा, तेच तिची वाट अडवी. सूतिकाज्वर व रक्तस्राव यांनी होणारे मृत्यू पूर्वी नित्याचे असल्याने ही कथा ऐकणाऱ्या बायकांना परकी नव्हती.

ए. एम. टी. जॅक्सन याने शाळाशिक्षकांकडून मिळविलेल्या माहितीवरून आर. ई. एन्थोव्हन याने कोकणच्या लोकसमजुतींचा खंड १९१५ मध्ये सिद्ध केला. त्यात भुतांचे प्रकार सापडतात. सांगणाऱ्याचा आवाज मात्र हरपला आहे.

भुताच्या भीतीपोटी होणाऱ्या अघोरी उपचारांना २०१३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने आळा घातला. कथांना त्याची बाधा नाही. मराठी साहित्यात नारायण धारप (१९२५–२००८) यांनी अमानवी शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ उभा केला. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत भयाचे मूळ पुष्कळदा माणसाच्या मनातच सापडते. लोककथेतील करुणेशी मतकरींचे नाते अधिक जवळचे वाटते.